क्वार्क आणि ग्लुऑन : प्रोटॉनच्या टकरीमागचे गणित

प्रोटॉन तीन क्वार्कचा बनलेला असतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात या तिघांना बांधून ठेवणारे ग्लुऑन आणि क्षणात जन्मून क्षणात लोपणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोड्या यांचीही प्रोटॉनमध्ये सतत वर्दळ असते. त्यामुळे जिनिव्हानजीक सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये दोन प्रोटॉन आदळतात, तेव्हा खरी टक्कर होते ती या घटकांची. तिचे गणित आधी मांडण्याचे काम सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ करतात.

मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी सन १९६४ मध्ये क्वार्कची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता आत बिंदुवत घटक असल्याचे दिसून आले. हे घटक आत जवळजवळ मोकळे वागत. तरीही एकटा क्वार्क कधीच बाहेर पडत नसे. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी १९७३ मध्ये याचे मर्म उलगडले. क्वार्कमधील अंतर जितके कमी, तितके त्यांच्यातील बल क्षीण होते. या शोधाला २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्वार्क दूर ओढू पाहिल्यास खर्ची पडलेल्या ऊर्जेतून नवे क्वार्क निर्माण होतात आणि शोधकयंत्रात कणांचे झोत तेवढे उमटतात. हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत १९७९ मध्ये असे तीन झोत एकाच वेळी आढळले आणि ग्लुऑनच्या अस्तित्वाचा थेट पुरावा मिळाला.

या बलाच्या सिद्धांताला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स म्हणतात. उच्च ऊर्जेला बल क्षीण असल्याने त्याची आकडेमोड टप्प्याटप्प्याने करता येते; मात्र प्रत्येक पुढच्या टप्प्यागणिक गणित कमालीचे किचकट होते. तरीही ते टाळून चालत नाही. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज बोसॉन या यंत्रात मुख्यतः दोन ग्लुऑनांच्या मीलनातून निर्माण होतो. त्याच्या निर्मितीचे प्रमाण पहिल्या टप्प्यातील अंदाजाच्या दुपटीहून अधिक असल्याचे पुढील टप्प्यांच्या गणिताने दाखवले. हे गणित हाताशी नसते, तर ज्ञात सिद्धांताचाच परिणाम एखादे नवे बल किंवा नवा कण समजला गेला असता.

या क्षेत्रात मराठी नावही आदराने घेतले जाते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांनी मानुएल ड्रेस यांच्यासमवेत उच्च ऊर्जेच्या प्रकाशकणांतील क्वार्क-ग्लुऑनांचा अभ्यास केला. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन वेगवर्धकांत प्रकाशकणांच्या आपसांतील टकरींमुळे अनाहूत कणांची किती गर्दी होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा यंत्रांच्या आराखड्यात त्याचा विचार करावा लागतो. २०१९ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकाच्या साह्याने क्वार्क-ग्लुऑनांच्या वर्तनाचा अभ्यास झाला आहे.

क्वार्क कायमचे बंदिस्त का, याची काटेकोर गणिती सिद्धता मात्र अद्याप मिळालेली नाही. त्याच्याशी निगडित प्रश्नासाठी अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० मध्ये जाहीर केलेले दहा लाख डॉलरचे पारितोषिक अजूनही कोणी पटकावलेले नाही.