प्राथमिक शाळा आणि चित्रास्वाद : परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

शालेय चित्रकला म्हणजे चित्र काढणे, हा अर्थ महाराष्ट्रात इतका रूढ आहे की चित्र पाहणे हेही शिक्षण असू शकते याचे भान क्वचितच आढळते. अमेरिकेतील अनेक प्राथमिक शाळांत पालक-स्वयंसेवक नामवंत चित्रांच्या प्रतिकृती घेऊन वर्गात जातात आणि मुलांना त्यांविषयी बोलते करतात. महाराष्ट्रात या जातीचे काम झाले ते व्यक्तींच्या पुढाकाराने. शिक्षणखात्याने ते आपले मानले नाही. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या वस्तुस्थितीचा विचार केला आहे.

परीक्षेचा वारसा :

मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. वसाहतकालीन कलाशिक्षणाचा भर हाताला वळण लावण्यावर होता. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा त्याच परंपरेतील असून आजही कला संचालनालयामार्फत घेतल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांत दुसऱ्याने काढलेले चित्र पाहण्यास जागा नाही. शिवाय नाव ‘एलिमेंटरी’ असले तरी ही परीक्षा प्राथमिक वर्गांची नव्हे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. अजिंठ्याची लेणी याच संस्थानात होती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने चित्रांच्या जतनासाठी इटालियन तज्ज्ञ आणले आणि गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील चार खंडांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. मात्र त्या ग्रंथाचा वाचक विद्वान होता. मराठवाड्यातील खेड्यातले शाळकरी मूल त्यात कोठेच अभिप्रेत नव्हते.

औंध व सेवाग्राम :

औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी औंधसारख्या लहान गावी चित्रसंग्रहालय उभारले. राजाने जमवलेली चित्रे राजवाड्याबाहेर आणली जाणे ही गोष्ट साधी नव्हती.

सेवाग्रामचे उदाहरण अधिक बोलके आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत दाखल झाले. कला हा शिक्षणाचा एक विषय नसून पाया आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे त्यांनी या विषयावर ग्रंथही लिहिला. १९६२ मध्ये ते युद्धविरोधी चळवळीच्या कार्यासाठी लंडनला गेले. नयी तालीममधील सूतकताई शासकीय बुनियादी शाळांनी उचलली, कारण तिचे मोजमाप होऊ शकत होते. बालकाच्या दृष्टीचे मोजमाप कसे करणार?

आजची स्थिती :

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीच्या, शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. पहिली ते पाचवीच्या, साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि त्यांनीच सर्व विषय शिकवायचे असतात. ही उणीव स्वयंसेवक काही अंशी भरून काढू शकतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या व २०२१ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या केंद्र शासनाच्या ‘विद्यांजली’ योजनेमुळे त्याला शाळेत येण्याचा अधिकृत मार्गही मिळाला आहे.

परभणी जिल्ह्यात अशा स्वयंसेवकाने महागड्या प्रतिकृतींची वाट पाहण्याचे कारण नाही. गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे येथील शिल्पे मुलांच्या परिसरातीलच आहेत. दर्शनाला नेलेले मूल देवापुढे हात जोडते आणि बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरीकडे न पाहता परत फिरते. तिच्यापुढे त्याला पाच मिनिटे थांबवणारा, ‘हिच्या हातात काय आहे?’ एवढेच विचारणारा मनुष्य शाळेच्या वेळापत्रकात कोणत्या तासिकेला बसवायचा, हे मात्र अद्याप मुख्याध्यापकाच्या मर्जीवरच अवलंबून आहे.