पन्नासच्या पुढची गोळी

सरकारी दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा आकडा आला ४६. माझी उंची पाच फूट आठ इंच. चार महिन्यांपूर्वी मी ५४ किलोचा होतो, म्हणजे तेव्हाही काही पैलवान नव्हतोच. सिस्टरनी कार्डावर वजन लिहिलं आणि म्हणाल्या, "पन्नासच्या आत आहे, म्हणून रोज तीन गोळ्या. वजन वाढलं की चार होतील."

टीबीच्या गोळ्या वजनाच्या गटावर ठरतात, हे मला तेव्हा कळलं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. माझं वय २६, कामाला हिंजवडीत. त्या वर्षी ऑफिसातली बढती हुकली होती. आता आयुष्यात एकच बढती समोर दिसत होती, एका गोळीची.

अडचण अशी होती की मला भूकच लागत नव्हती.

भूक नसणं म्हणजे काय, हे ज्याला रोज भूक लागते त्याला समजावणं अवघड आहे. मला जेवायचा कंटाळा नव्हता. पण फोडणीचा वास आला की मळमळायचं. दोन घास पोटात गेले की लग्नातली पंगत उठवून आल्यासारखं पोट गच्च व्हायचं. रजा टाकून सांगलीला घरी आलो होतो. आई ताट वाढून समोर बसायची. ताटात भाकरी, भाजी, आमटी, भात, वर तुपाची धार. मी अर्ध्या भाकरीवर हात धुवायचो. ती काही बोलायची नाही, ताट उचलून आत न्यायची आणि मग आतून भांडी जरा जोरात वाजायची. आजी मात्र बोलायची. "खाल्ल्याबिगर अंगाला कसं लागंल रं बाळा? मनावर घे की जरा."

मनावर घे. हे मला शाळेपासून सगळ्यांनीच सांगितलं होतं. बारीक माणसाला सल्ला द्यायला कुणाला परवानगी लागत नाही. त्या दिवसांत मलाही वाटायला लागलं, की चूक आपलीच आहे, आपण नीट प्रयत्न करत नाही. रात्री घाम यायचा, झोप लागायची नाही. मग मी मोबाइलवर वाचत पडायचो. बग सापडला नाही की आम्ही जुने लॉग काढून बसतो, तसंच काहीसं. माझ्या आधी ज्यांची भूक गेली, त्यांना लोकांनी कसं खाऊ घातलं, एवढंच मला शोधायचं होतं.

गांडुळांची भाजी

पहिला धागा आपल्याच भाषेत सापडला. आपण आता 'टीबी' म्हणतो, पण जुना शब्द आहे क्षय. क्षय म्हणजे झिजणं. जंतू कुणी पाहिले नव्हते तेव्हा लोकांना डोळ्यांनी दिसत होतं ते हेच, की माणूस कमी कमी होत जातो. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हणतात आणि त्याची कथा चंद्राची आहे. दक्षाच्या मुलींशी लग्न करून चंद्र एकट्या रोहिणीतच रमला. दक्ष कोपला आणि चंद्राला यक्ष्मा जडला. म्हणून तो कलेकलेनं झिजतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. झिजलेल्या रुग्णाला मांस द्यावं, असं तिथं सांगितलंय. पण रुग्णाला किळस आली तर? तो खाणार नाही, किंवा खाल्लेलं ओकून टाकेल. त्यावर चरक चक्क थापा मारायला सांगतात. सापाचं मांस वर्मी नावाच्या माशाचं म्हणून द्यावं. गांडुळं तळून, ही माशाची आतडी आहेत असं सांगून वाढावीत.

रात्री दोन वाजता हे वाचून मी हसलो आणि खोकल्याची उबळ आली. पण बरंही वाटलं. ज्यानं हे लिहिलं त्यानं न जेवणारा रुग्ण जवळून पाहिला होता. आणि त्यानं रुग्णाला 'मनावर घे' असं सांगितलेलं नाही. खटपट करायची ती वाढणाऱ्यानं.

पौंडांत मोजलेली माणसं

एकोणिसाव्या शतकात युरोपनं यातूनच एक मोठी व्यवस्था उभी केली. १८५० च्या दशकात हरमान ब्रेमर या जर्मन डॉक्टरनं डोंगरात, गोर्बर्सडोर्फ इथं क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम सुरू केलं. त्याचाच रुग्ण आणि शिष्य पीटर डेटवायलर यानं १८७६ मध्ये फाल्केनश्टाइनला दुसरं काढलं. उपचार म्हणजे स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर दूध-लोणी. पॅरिसचे डॉक्टर मॉरिस डबोव्ह यांनी तर १८८१ च्या सुमारास, जे खात नाहीत त्यांच्या पोटात नळीनं अन्न सोडायला सुरुवात केली. थॉमस मान याच्या 'द मॅजिक माउंटन' या १९२४ च्या कादंबरीतले दावोसचे रुग्ण दिवसातून पाच वेळा जेवतात, ते या काळाचंच चित्र आहे.

२४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडत नाही. पुढची साठेक वर्षं तरी, रुग्ण सुधारतोय की नाही हे कळण्याचं एक साधं साधन वजनकाटाच राहिलं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. त्या स्वतः डॉक्टर होत्या, आणि तरी त्यांना वाचवू शकेल असं औषध जगात कुठंच नव्हतं.

भारतात सॅनेटोरियमं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. अजमेरजवळ तिलोनिया, हिमालयात भोवाली, आंध्रात मदनपल्ली. आमच्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडी.

वानलेसवाडीपाशी ही गोष्ट आमच्या घरात शिरते. आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबा म्हणतो, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षभर तिथं होते. आजीनं हे तिच्या सासूकडून ऐकलेलं. आबा तिथून पत्रं लिहायचे, तेव्हा पहिल्या ओळीत वजन असायचं, पौंडांत. इकडं घरात ते पत्र मोठ्यानं वाचलं जायचं. आबा बरे होऊन आले, गालावर मांस घेऊन आले, पुढं सत्तरी पाहिली.

हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते आजीनं मी आजारी पडल्यावर सांगितलं. आबा तिथं असतानाच त्यांची धाकटी बहीण घरी खोकून खोकून गेली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिच्यासाठी खाट मिळते का, हे कुणी विचारायलाच गेलं नाही. घरात दूध होतं, पण ते आधी डेअरीला, मग पुरुषांच्या ताटात. तिचं वजन कुणी मोजलं नाही, म्हणून ते कुठल्या पत्रातही नाही.

वॉर्डातला नाच

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू हॉस्पिटलात, दोन नव्या औषधांच्या चाचण्या चालल्या होत्या, आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड. रुग्ण इतर उपचारांना दाद न दिलेले, हाडांचे सापळे झालेले. काही आठवड्यांत ते उठून बसले, दुसऱ्यांदा वाढून मागायला लागले, वजनं भराभर वाढली. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो तेव्हा गाजले. इप्रोनियाझिड पुढं नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक म्हणून ओळखलं गेलं. आयसोनियाझिड अजून आहे. माझ्या रोजच्या तीन गोळ्यांत तेच होतं.

सॅनेटोरियमनं शंभर वर्षं अशी समजूत धरली होती, की माणसाला खाऊ घाला म्हणजे रोग हटेल. सी व्ह्यूमध्ये उलटं दिसलं, रोग हटायला लागला आणि माणसं आपणहून खायला लागली. यामागचं एक कारण १९८५ मध्ये स्पष्ट झालं. अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉयट्लर हे दीर्घ आजारात शरीर का झिजतं ते शोधत होते. त्यांना सापडलेल्या प्रथिनाला त्यांनी नाव दिलं कॅकेक्टिन. तेच पुढं टीएनएफ निघालं, म्हणजे संसर्गाशी लढताना आपल्याच पेशी सोडतात तो एक संदेश. असे संदेश जंतूंविरुद्धची फौज उभी करतात आणि त्याच वेळी भूक मारतात, स्नायू वितळवतात.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतास." मी म्हटलं, "नाही गं." त्यानंतर भांडी वाजायची थांबली.

मद्रासचा निकाल

औषधं आली, पण भारतात लाखो रुग्ण आणि खाटा मूठभर. मग १९५६ मध्ये मद्रासला एक साधा प्रश्न विचारून प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, चांगल्या जेवणासह आणि विश्रांतीसह. दुसरा आपल्या घरी, दाटीवाटीत, जे मिळेल ते खाऊन आणि काम करत. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल आला. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, पण रोग बरा होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही, रुग्ण घरी ठेवल्यानं वाढला नव्हता.

या निकालानं जग बदललं. खाट नाही म्हणून मरायची गरज उरली नाही. मी आज आईच्या घरी राहून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बरा होऊ शकलो, तो त्या निकालामुळं. पण जगानं त्यातून आणखी एक अर्थ काढला, की गोळ्या आहेत तर जेवणाचं एवढं काय? गोळ्या कार्यक्रमात राहिल्या. जेवण हा घरचा प्रश्न झाला.

मद्रासनं जंतू मरतात का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. माणूस परत भरतो का, आणि त्याच्या घरातली बाकीची वाचतात का, हे प्रश्न वेगळे आहेत. त्यांचं उत्तर यायला २०२३ उजाडलं. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर जोडप्यानं सहकाऱ्यांसोबत झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांना आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांना घेऊन अभ्यास केला. नाव 'रेशन्स'. पाचातले चारांहून जास्त रुग्ण कमी वजनाचे होते. प्रत्येक रुग्णाला महिन्याचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, वर व्हिटॅमिनच्या गोळ्या. निम्म्या ठिकाणी घरच्यांनाही शिधा दिला. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिलं. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी दिसला. वजन वाढलं म्हणून ते वाचले, की मुळात कमी आजारी होते म्हणून वजन वाढलं, हे या दुसऱ्या आकड्यावरून पक्कं ठरवता येत नाही. घरच्यांचा आकडा मात्र प्रयोगातून आलाय.

मी तो आकडा वाचला तेव्हा मला आबा नाही आठवले. ती सतरा वर्षांची मुलगी आठवली, जिचा एकही फोटो आमच्याकडं नाही.

ताट नको, वाटी दे

४६ चे पाच टक्के म्हणजे २.३ किलो. दोन महिन्यांत ४८.३. हे टार्गेट मी फ्रिजवर चिकटवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तीन वेळा जेवूच नका, सात वेळा थोडं थोडं खा. भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा. जेवणाआधी पाणी पिऊन पोट भरू नका. आणि घास वाढवता येत नसेल तर घासातलं बळ वाढवा. मग आईनं ताट बंद केलं आणि वाटी सुरू केली. मऊ भात, त्यात मूगडाळ आणि दोन चमचे तूप. भाजीत शेंगदाण्याचं कूट. दुधात दोन चमचे दूध पावडर. अकराला उकडलेलं अंडं, चारला शेंगदाण्याचा लाडू, झोपताना शिकरण. मोबाइलवर सात अलार्म लावले. स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी लाडू खायचो. फोडणीचा वास सहन होत नव्हता, तोवर आई मागच्या अंगणात चुलीवर फोडणी करायची. चरकांनी सांगितलेली खटपट तिला कुणी शिकवली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती शेंगदाणे भाजत होती. मी आत जाऊन परातीतले मूठभर उचलले. गरम होते, हात भाजला. खाऊन संपल्यावर लक्षात आलं, की अलार्म वाजलाच नव्हता.

गोळ्यांनी भूक परत आणली. पण ती परत आली तेव्हा घरात शेंगदाणे होते, तूप होतं, वाटी भरून देणारं माणूस होतं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. तुम्ही कधी अंडी, दूध आणि तेल यांचा महिन्याचा हिशेब केला असेल तर हजार रुपयांत किती दिवस जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हे वाचणारे तुम्ही माझ्यासारखे बारीक असाल, तर दोन गोष्टी. जन्मापासून बारीक असणं वेगळं आणि काही महिन्यांत वजन उतरणं, भूक मरणं वेगळं. दुसरं असेल, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर प्रोटीन पावडर मागवण्याआधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

दोन महिन्यांनी काट्यावर ४९.१ आले. चौथ्या महिन्यात ५१.४. सिस्टरनी जुनी पाकिटं परत घेतली, नवी दिली आणि म्हणाल्या, "आता चार." घरी येऊन सांगितलं तर आईनं शिरा केला. लोक मुलाच्या गोळ्या कमी झाल्या की देवाला नारळ फोडतात, आमच्याकडं एक वाढली म्हणून गोड केलं.

आजीनं शिऱ्याची पहिली वाटी माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी तू खा." मग तिला काट्यावर उभं केलं आणि माझ्या कार्डाच्या मागं तिचं वजन मला लिहायला लावलं.