फणी की कंगवा?

‘फ्रिक्वेन्सी कॉम्ब’ला मराठीत काय म्हणावे, कंगवा की फणी? हॅन्श आणि हॉल यांना 2005 चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यातली ही वस्तू. वर्णपटाच्या आलेखात समान अंतरावर उभ्या राहणाऱ्या रेषा पाहून तिचे हे नाव सुचले असावे.

कंगवा सरळच ‘कङ्कत’वरून आला. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात वधूचे केस विंचरायला शंभर दातांचा कंकत येतो, आणि त्याला ‘कृत्रिम’ हे विशेषण लावलेले आहे. म्हणजे अकृत्रिमही कुठला तरी असावा! ऋग्वेदाच्या विषनाशक सूक्तात कंकत हे एका विषारी जीवाचे नाव दिसते. तोच मूळचा, दातेरी अंगाचा असेल काय? फणीही फार लांब नाही. तिचे नाते नागाच्या फणेशी असावे. केस विंचरायच्या दोन्ही साधनांशेजारी विषारी प्राणी बसलेले पाहून मौज वाटते. (फणस मात्र यात ओढू नये, तो ‘पनस’.)

2007 मध्ये गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत हा प्रकाशाचा कंगवा केसाएवढ्या जाडीच्या मापात, एका सूक्ष्म वलयात उतरला आणि ‘मायक्रोकॉम्ब’ झाला. पुढे 2017 मध्ये कार्ल्सरूह आणि लोझान इथल्या संशोधकांनी तो दूरसंचाराला जुंपला. एका गावचा कंगवा जर्मन ‘काम्म’, दुसऱ्या गावचा फ्रेंच ‘पेन्य’. काम्म आणि इंग्रजी कॉम्ब हे आपल्या ‘जम्भ’चे, म्हणजे दात-जबड्याचे, सख्खे भाऊ. पेन्य लॅटिन ‘पेक्तेन’चा, त्याच्या मुळाशी लोकर विंचरणे आहे, आणि काहींच्या मते ‘पशु’ही त्याच कुळातला. प्रयोगशाळेत अर्थात सगळे इंग्रजीच बोलत असणार.

या संशोधकांनी केले काय? सिलिकॉन नायट्राइडच्या, मिलिमीटरहून कमी व्यासाच्या वलयात लेसर सोडला, तेव्हा आत आकार न बदलता फिरणाऱ्या, ‘सॉलिटॉन’ म्हणवणाऱ्या स्पंदातून दाते फुटले. मग अशा दोन फण्यांचे दाते एकमेकींच्या फटींत बसवले आणि 179 वाहक लहरी मिळवल्या. प्रत्येकीवर स्वतंत्र माहिती लादून, एकाच प्रकाशीय तंतूतून 75 किलोमीटर, सेकंदाला 50 टेराबिटांहून अधिक.

इथे माझे मत फणीकडे झुकते. कंगव्याचे दाते विरळही चालतात. फणी दाट दात्यांचीच. शिवाय हातमागावरची फणी आठवावी. तिच्या घरांतून ताण्याचे धागे ओवले जातात आणि ते एकमेकांत न गुंतता ठरल्या अंतरावर राहतात. वाहक लहरींचेही तेच. ताणा आणि तंतू दोन्ही ‘तन्’ धातूचे. फारसी ‘तार’चाही अर्थ ताण्याचा धागा (‘तार-ओ-पूद’ म्हणजे ताणाबाणा), तेव्हा तोही याच घरचा असावा. आपण मात्र ‘तार आली’ म्हणताना माग कधीच विसरलो होतो.

उरला ‘मायक्रो’. सूक्ष्मफणी शास्त्रशुद्ध खरी, पण जरा परीटघडीची. फारसीत दुर्बिणीची धाकटी बहीण आहे खुर्दबीन, ‘बारीक पाहणारी’. दुर्बीण आपण घेतली, वर ‘दुर्’ हा संस्कृत उपसर्ग वाटावा अशी वळवली. खुर्दबीन घेतली नाही. खुर्द मात्र गावोगावच्या पाट्यांवर, बुद्रुकच्या म्हणजे ‘बुजुर्ग’च्या शेजारी, आणि चिल्लर ‘खुर्दा’ होऊन खिशातही आहे. मग ‘खुर्दफणी’ का नको? परिभाषा समितीला पटेल असे वाटत नाही.