लॉगबुकात काय लिहू?

आजचा एपिसोड विमानांचा आहे, पण सुरुवात जीपने करतो.

मी धुळ्यात तिसरी-चौथीत असतानाची गोष्ट. आमच्या गल्लीत एक काका राहायचे, सरकारी खात्यात होते. खात्याचं नाव राहू द्या. त्यांना ऑफिसची जीप होती. ऐन लग्नसराईत शिरपूरला एक लग्न निघालं आणि एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी जीप काढली. पुढे काका-काकू, मागे आम्ही सात-आठ पोरं आणि आहेराच्या पिशव्या. आमची तर चंगळ. संध्याकाळी परत आल्यावर ड्रायव्हरमामांनी खिशातला पेन काढून विचारलं, "साहेब, लॉगबुकात काय लिहू?" काका चपला काढता काढता म्हणाले, "लिही ना, पाहणी दौरा."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. जेवणाच्या पंगतीची पाहणीच तर केली होती ना!

पण मामांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आणि मोठेपणी इतिहास वाचायला लागल्यावर कळलं, की हाच प्रश्न जगभरच्या हवाई दलांना पडलेला आहे. फक्त तिथे जीपच्या जागी विमान असतं, आणि काकांच्या जागी पंतप्रधान, मंत्री, नाहीतर राष्ट्राध्यक्षांचा मुलगा.

मुलाचंच आधी सांगतो, कारण किस्सा भारी आहे. जानेवारी १९४५. दुसरं महायुद्ध अजून चालू आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मुलगा एलियट हवाई दलात कर्नल. त्याला त्याचा कुत्रा कॅलिफोर्नियात बायकोकडे पाठवायचा होता. बायको म्हणजे अभिनेत्री फे इमर्सन. कुत्र्याचं नाव ब्लेझ, जात बुलमॅस्टिफ, म्हणजे चांगलं वासराएवढं धूड. त्याला लष्करी मालवाहू विमानात जागा मिळाली, आणि तीही 'ए' दर्जाची, सगळ्यात वरची. वाटेत मेम्फिसला विमानात जास्तीचं सामान चढवायचं होतं. जागा कमी पडली. मग 'ए' पेक्षा खालच्या दर्जाचे तीन सैनिक उतरवले. कुत्रा पुढे गेला. त्या तिघांपैकी एक खलाशी वडील वारले म्हणून घरी निघाला होता.

आपल्या एसटीत खिडकीवर आमदार-खासदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं. आमदार कधी येत नाहीत, आपण खुशाल बसतो. समजा एक दिवस आमदारसाहेबांचा कुत्रा आला आणि कंडक्टरने तुम्हाला उठवलं, तर? अमेरिकेत तसंच झालं. देशभर बोंब झाली, सिनेटने चौकशी केली. आणि एलियटसाहेबांचं काय? त्याच सुमारास ते ब्रिगेडियर जनरल झाले.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. खासगी कामासाठी लष्करी विमान वापरलं की फक्त पेट्रोल जळतं असं नाही. कुणाची तरी जागा जाते. कधी ती सीट असते, कधी वैमानिकाचे तास असतात, कधी नुसता विश्वास असतो.

आता भारतात येऊ, आणि थेट खानदेशात. डिसेंबर १९३६. यावल तालुक्यातलं फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते राबले, साने गुरुजी प्रचारासाठी गावोगाव फिरले, सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि त्यांची मिरवणूक निघाली बैल जुंपलेल्या रथातून. त्या वेळी हिशेब सोपा होता. नेहरू एका पक्षाचे पुढारी, बैल गावचे, खर्च लोकवर्गणीचा. सरकार तर समोरच्या बाजूला, इंग्रजांचं.

पंधरा वर्षांनी गणित अवघड झालं. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. नेहरू आता पंतप्रधानही होते आणि काँग्रेसचे अध्यक्षही. प्रचारात त्यांनी सुमारे २५,००० मैल प्रवास केला. त्यातले १८,००० मैल विमानाने, ५,२०० मोटारीने, १,६०० रेल्वेने आणि ९० मैल चक्क होडीने. सभा झाल्या ३०० च्या आसपास.

प्रश्न होता त्या १८,००० मैलांचा. नेहमीच्या प्रवासी विमानाने पंतप्रधानांनी जावं, याला सुरक्षेचं काम बघणारे तयार नव्हते. रेल्वेने जायचं तर रुळांच्या कडेला किती पोलीस उभे करणार? सुरक्षित म्हणजे हवाई दलाचं विमान. पण काम कोणाचं? मतं मागण्याचं. म्हणजे सरकारी नाही, पक्षाचं. ड्रायव्हरमामांचाच प्रश्न: लॉगबुकात काय लिहू?

नेहरूंचे खासगी सचिव एम. ओ. मथाई यांनी आठवणींच्या पुस्तकात यावर लिहिलंय. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मंत्रिमंडळ सचिव एन. आर. पिल्लई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि देशाच्या हिशेबावर नजर ठेवणारे महालेखापरीक्षक नरहरी राव यांचंही मत घेतलं गेलं. तोडगा असा निघाला: माणूस पक्षाच्या सभेला गेला तरी पंतप्रधान असणं थांबत नाही, त्यामुळे सुरक्षेसाठी हवाई दलाचं विमान वापरायला हरकत नाही. पण काम खासगी असेल तर प्रवासी विमानाच्या तिकिटाएवढे पैसे सरकारजमा करायचे. सोबत पक्षाचं कुणी बसलं, तर त्यांनी आपापलं भाडं द्यायचं. सुरक्षा कर्मचाऱ्यांचा खर्च सरकारचा.

माझं म्हणणं असं, की हा आपल्या लोकशाहीतला एक छोटा पण महत्त्वाचा क्षण आहे. नेहरू तेव्हा इतके लोकप्रिय होते, की विमान नुसतं वापरलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. तरी कुणीतरी म्हणालं, की कागदावर घ्या. पाहणी दौरा लिहू नका. जे आहे ते लिहा आणि पैसे भरा.

पण कोडिंग करणारा माणूस नियम वाचला की लगेच त्यातला बग शोधतो. इथे दोन सापडतात.

पहिला बग: तिकिटाचा पैसा म्हणजे विमानाचा पैसा नव्हे. आपण एसटीचं तिकीट काढतो तेव्हा डिझेल, ड्रायव्हर, टायर यांचा खर्च पन्नास जणांत वाटला जातो. इथे आख्खी एसटी तुमच्या एकट्यासाठी धावते आणि तुम्ही एका सीटचे पैसे देता. २०१९ मध्ये माहिती अधिकारातून आकडे बाहेर आले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या देशातल्या २४० बिनसरकारी प्रवासांसाठी हवाई दलाला मिळून सुमारे १ कोटी ४० लाख रुपये मिळाले होते. भागाकार करा, एका प्रवासाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास. ओडिशातल्या बलांगीरहून पथरचेराला गेलेल्या एका छोट्या फेरीचे तर फक्त ७४४ रुपये. उडान योजनेत जळगावहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा तासाभराच्या प्रवासाच्या सवलतीच्या सीटलाही अडीच हजारांच्या घरात भाडं होतं!

नियम मोडला का? नाही. नियमाप्रमाणेच झालं. म्हणून इथे पक्ष कोणता हा मुद्दाच नाही. सोय काँग्रेसच्या काळात झाली, पुढे ज्याचा पंतप्रधान झाला त्याने ती वापरली. आचारसंहिता लागली की बाकीच्या मंत्र्यांना प्रचारासाठी सरकारी विमान वापरता येत नाही, पंतप्रधान तेवढे अपवाद.

हा वाद कोर्टातही गेलाय. १९७१ ला रायबरेलीत इंदिरा गांधी जिंकल्या. हरलेल्या राजनारायण यांनी याचिका केली. त्यात एक आरोप असा होता, की सभांना जायला हवाई दलाची विमानं आणि हेलिकॉप्टर वापरली, म्हणजे निवडणुकीसाठी सैन्यदलाची मदत घेतली. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी निवडणूक रद्द केली हे आपण शाळेत शिकतो. पण ती विमानांमुळे नाही. विमानाचा आरोप टिकला नाही. टिकलं ते सभेचं व्यासपीठ आणि वीज, जे राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी पुरवलं होतं, आणि यशपाल कपूर हे सरकारी नोकरीत असतानाच प्रचारात उतरले हे. आकाशातलं विमान सुटलं, जमिनीवरचा मांडव अडकला. कारण विमानाचा नियम आधीपासून कागदावर होता.

दुसरा बग जास्त अवघड आहे: काम सरकारी की खासगी, हे ठरवणार कोण? पुन्हा अमेरिका, १९९१. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू. दोन वर्षांत लष्करी विमानाच्या सत्तरच्या वर फेऱ्या. त्यात बोस्टनला दाताच्या डॉक्टरकडे जाणं आणि बर्फावर स्कीइंगला जाणंही आलं. त्यांच्याकडचा नियम गंमतशीर होता: खासगी काम असेल तर साध्या तिकिटाएवढे पैसे, वर एक डॉलर. म्हणजे आपल्यासारखाच! पण बहुतेक फेऱ्या सरकारी म्हणूनच नोंदवलेल्या. बातम्या आल्यावर व्हाइट हाउसला यादी जाहीर करावी लागली. सुनुनू डिसेंबरात पायउतार झाले. ब्राझीलमध्ये तर २०१३ ला सिनेटचे अध्यक्ष रेनान कॅल्हेरोस हवाई दलाच्या विमानाने केस लावून घ्यायला गेले होते. ते छापून आल्यावर पैसे परत केले.

दात, बर्फ, केस. हसू येतं. पण यातलं एकही प्रकरण कुणी स्वतःहून सांगितलेलं नाही. कुणीतरी नोंद मागितली, तेव्हाच ते बाहेर आलं.

आता परत घरी येऊ. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ला राष्ट्रपती झाल्या. आपल्याकडे पेढे वाटले गेले, मला आठवतं. नोव्हेंबर २००९ मध्ये त्या पुण्याच्या लोहगावहून सुखोई-३० लढाऊ विमानात बसून उडाल्या. वय ७४. तिन्ही दलांच्या सरसेनापती म्हणून ते त्यांचं कामच होतं, आणि अभिमान वाटावा असंच होतं. मार्च २०१२ मध्ये जळगावच्या नव्या विमानतळाचं उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. नेमकं त्याच महिन्यात माहिती अधिकारातून आलेला आकडा छापून आला: १२ परदेश दौरे, २२ देश, खर्च २०५ कोटी. त्यातले १६९ कोटी फक्त एअर इंडियाच्या जंबो विमानाचे. ते विमान हवाई दलाचं नव्हतं, आणि राष्ट्रपतींचे दौरे सरकारच्या सल्ल्याने ठरतात, हेही खरं. पण काही दौऱ्यांत नातेवाईक सोबत होते आणि चर्चा त्याचीच झाली. पुढच्याच महिन्यात खडकीला लष्कराच्या जागेवर त्यांच्यासाठी होणाऱ्या निवृत्तीच्या घरावरून पुण्यातले निवृत्त लष्करी अधिकारी बोलायला लागले, आणि ताईंनी ते घर नको म्हणून सांगितलं.

आपल्या गावचं माणूस असलं की असे आकडे वाचताना पोटात तुटतं. 'राष्ट्रपतींनी काय रिक्षाने जायचं का?' असं आपणच म्हणतो. मीही म्हटलं होतं. पण आकडा विचारणं म्हणजे अपमान करणं नव्हे. विमान लागणारच. सोबत घरचं माणूसही असणार. कोण बसलं, कशासाठी बसलं आणि पैसे कोणी दिले, एवढं लिहिलेलं असावं आणि विचारल्यावर मिळावं.

ते विचारायचा हक्क मिळवण्यातही महाराष्ट्र पुढे होता. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. आपल्या राज्याचा त्याआधीचा, २००२ चा, अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे झालेला. आज १० रुपये भरून तुम्ही फोनवरून केंद्र सरकारकडे अर्ज करू शकता. सुरक्षेचं कारण देऊन काही गोष्टी नाकारल्या जातात, त्या जाणारच. पण कुठल्या प्रवासाचे किती पैसे जमा झाले, हे सांगितल्याने पुढच्या प्रवासाला धोका कसा होईल?

मागच्या वर्षी धुळ्याला गेलो होतो, तेव्हा ते काका भेटले. रिटायर झालेत. मी हसत हसत त्या लग्नाची आठवण काढली. काका हसले, मग जरा थांबून म्हणाले, "अरे, तेव्हा डिझेलचे पैसे भरले असते तर दीडशे-दोनशेच गेले असते. पण भरायचे कुठे, तेच माहीत नव्हतं. आणि खरं सांगू का, कुणी विचारलंच नाही."

ड्रायव्हरमामांनी विचारलं होतं. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरात असा 'पाहणी दौरा' झाला असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. खात्याचं नाव मात्र सांगू नका.