मॅमोग्राफी: कुणाची, केव्हा आणि कशासाठी

स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात क्ष-किरणांचा पहिला मोठा उपयोग झाला तो शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनांवर. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये अशा सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रे प्रत्यक्ष उतींशी ताडून पाहिली आणि गाठींच्या जागी दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांची नोंद केली. हे ठिपके म्हणजे कॅल्शियमचे सूक्ष्म कण होत, आणि गाठ हाताला लागण्यापूर्वीच रोगाची चाहूल देणारी खूण म्हणून आज रेडिऑलॉजिस्ट तेच शोधतो. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत छळछावणी सोसून सालोमन यांना देश सोडावा लागला, ही या शास्त्राच्या इतिहासातील विसरता न येणारी वेदना आहे.

ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० मध्ये स्तनांच्या क्ष-किरण चित्रणाची, म्हणजेच मॅमोग्राफीची, भरवशाची पद्धत मांडली. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे ६२,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत क्ष-किरण आणि हाताने तपासणी या जोडीमुळे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या यशातून मात्र जितक्या तपासण्या तितके हित, असा समज बळावला, आणि तो टिकणारा नव्हता. उपचार पूर्ण झालेल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचे छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन वरचेवर काढल्याने त्यांचे आयुष्य वाढत नाही, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन इटालियन चाचण्यांनी दाखवले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये अशा तपासण्या आणि रोग पसरल्याची शक्यता कमी असताना निदानानंतर सुरुवातीलाच केले जाणारे पेट, सीटी व हाडांचे स्कॅन टाळण्याचा सल्ला दिला.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून केलेला प्रयोग अधिक तपासण्या म्हणजे अधिक हित नव्हे, या विचाराला वेगळ्या वाटेने भिडतो. गोरगरिबांच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांच्या स्तनांची तपासणी, यंत्राविना, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व वयोगट मिळून स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के भरली. मॅमोग्राफीचे स्थान इथेही होतेच. बोटांना काही संशयास्पद लागले, तर ती स्त्री पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवली जाई आणि क्ष-किरण चित्र तिथे काढले जाई.