मुंबईच्या वाहनांची दाणावैरण

शहरात नवे वाहन येते तेव्हा त्याच्या वेगाची आणि दिमाखाची वर्णने तत्काळ लिहिली जातात; परंतु त्याच्या दाणावैरणीची सोय कोणी, कुठे आणि कोणाच्या जागेत करावयाची हा प्रश्न करारनाम्यांच्या कलमांत पडून राहतो, आणि माझ्या मते त्या वाहनाचे भवितव्य तेथेच ठरत असते. विजेच्या मोटारींसाठी सार्वजनिक चार्जिंग केंद्रे उभारण्याचा जो खटाटोप सध्या मुंबईत चालला आहे, त्याचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास घोड्यांच्या ट्रामपर्यंत मागे जावे लागते.

9 मे 1874 रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, तेव्हा कंपनीपाशी 20 गाड्या आणि 200 घोडे होते. पंचवीस वर्षांनी घोड्यांची संख्या 1360 वर गेली. (उन्हाचा ताप होऊ नये म्हणून या घोड्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत, तेवढी चैन त्यांच्यामागे बसलेल्या कित्येक उतारूंच्याही नशिबी नसावी.) तबेले, चंदी, गवत, नालबंद, मोतद्दार हा सारा लवाजमा कंपनीने आपल्या खर्चाने बाळगला. मात्र भाड्याची व्हिक्टोरिया घोडागाडी हाकणाऱ्याला किंवा गाडीवानाला एवढे ऐश्वर्य कुठले? त्याच्या जनावराची तहान भागली ती शेटसावकारांनी पुण्यार्थ बांधलेल्या पाणपोयांवर. त्यांतल्या कित्येकींना माणसांच्या तोटीखाली जनावरांसाठी वेगळी कुंडी असे.

1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि 7 मे 1907 च्या सायंकाळी विजेची ट्राम सुरू झाली. हिची खुबी अशी की तिला पोटात काही साठवावेच लागत नसे. डोक्यावरच्या तारेतून तिला अखंड खुराक मिळे. वीज प्रथम वाडीबंदरच्या कारखान्यात निर्माण होई, पुढे 1912 मध्ये माझगावजवळ कुसारा येथे दुसरे केंद्र झाले, आणि 1916 पासून टाटांची जलविद्युत विकत घेणे सुरू झाले. वाहन, तार आणि वीजपुरवठ्याचा परवाना ही तिन्ही एकाच कंपनीच्या हाती असल्यामुळे जागेची व जबाबदारीची तक्रार आपोआप मिटली. मक्तेदारीचे दोष सर्वश्रुत आहेत, पण हा गुण तिच्या पदरात टाकलाच पाहिजे. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम थांबली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा प्रश्न त्यामानाने सोपा होता, कारण तिचे पोट पाच मिनिटांत भरते.

विजेच्या मोटारीचे तसे नाही. 30 युनिटांची बॅटरी 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरवर भरावयाची तर नऊ तास जागा अडते. शिवाय वीज विकण्यास परवाना लागतो. मग खांबाशी उभ्या राहिलेल्या मोटारीला वीज देणाऱ्यानेही तो काढावा काय? ही वीजविक्री नसून सेवा होय, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये केला, आणि एका वाक्याने मोठी धोंड दूर झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहरांतील प्रत्येक 3 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात किमान एक चार्जिंग केंद्र असावे अशी तजवीज झाली. 2021 च्या राज्याच्या धोरणाने बृहन्मुंबईसाठी 1500 केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले.

परंतु नकाशावरील चौकोन रस्त्यावर उतरवताना दप्तरांची मालिका सुरू होते. फुटपाथ महापालिकेचा, त्याखालची केबल जुन्या शहरात ‘बेस्ट’ या वीज-वाहतूक उपक्रमाची, वाढीव लोडची मंजुरी वेगळी. आणि इमारतीच्या आवारात चार्जर बसवावयाचा तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, ज्यांच्याकडे मोटारच नाही अशा सभासदांचे शंकानिरसन करावे लागते. विजेच्या बसगाड्यांचे यामुळे अडले नाही. त्यांना आगारे आहेत आणि तेथे रात्रभर ओळीने उभे राहता येते, जसे ट्रामच्या घोड्यांना तबेल्यात. अडले आहे ते जुन्या चाळीपुढे रस्त्याच्या कडेला मोटार लावणाऱ्याचे. त्याची अवस्था व्हिक्टोरियावाल्यासारखी आहे; फरक एवढाच की पुण्यार्थ चार्जर बांधून देणारे शेटजी अद्याप पुढे आलेले नाहीत, आणि मॉलच्या तळघरातील चार्जरपुढे बहुधा कोणाची तरी पेट्रोलची मोटार निवांत उभी असते.