खिळ्यांचा नाद

गोदावरीकाठच्या आमच्या गंगापूर, वैजापूर, पैठण या पट्ट्यात जुन्या घरांच्या कोनाड्यांतून अजूनही छापील पोथ्या निघतात. त्यांत संस्कृत ग्रंथ असला, तर शीर्षकपानाच्या तळाशी बहुतेक वेळा एकच नाव सापडते : निर्णयसागर, मुंबई. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथली दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. मराठी-संस्कृत ग्रंथ हवा तर तो पुण्या-मुंबईहूनच यायचा. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे झाली, लासूर आणि रोटेगाव ही स्टेशने झाली, आणि मुंबईच्या काळबादेवीतला कोलभाट लेनमधला हा छापखाना आमच्या बाजूच्या वाचणाऱ्यांना आणखी जवळ आला.

या छापखान्याच्या मालकाबद्दल, म्हणजे जावजी दादाजी चौधरी यांच्याबद्दल जे लिहिले जाते, ते बहुधा एका ठरलेल्या साच्यात बसवलेले असते. गरीब घर, जेमतेम शिक्षण, कष्ट, चिकाटी, मग उत्कर्ष. यातले खोटे काहीच नाही; पण कष्ट आणि चिकाटी तेव्हाच्या मुंबईत हजारो जणांकडे होती. जावजींच्या धंद्यातले निर्णय एकापुढे एक मांडून पाहिले की मला तरी दुसरेच काही दिसते. हा माणूस जे करत होता, ते त्याला मनापासून आवडत होते, आणि त्या आवडीला धक्का लागणार नाही अशा बेताने त्याने धंदा उभा केला.

जावजींचा जन्म १८३९ चा. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम खिळे घासण्याचे. छपाईतला खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूच्या दांडीवर उलटे ओतलेले अक्षर. साच्यातून निघाल्यावर त्याच्या कडांना जादा धातू चिकटलेला असतो. तो दगडावर घासून प्रत्येक खिळा सारख्या मापाचा करावा लागतो, कारण एक खिळा केसभर जाड राहिला तरी ओळ वाकडी होते. काम कंटाळवाणे, पगार तुटपुंजा. पण दिवसभर अक्षर बोटांत धरून चारी बाजूंनी पाहायचे, हे शिक्षण त्या काळच्या कुठल्याच शाळेत मिळणारे नव्हते. तिथले प्रमुख टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी खिळ्यांमागे लागलेले गृहस्थ. त्यांच्या हाताखाली जावजी तयार झाले. पुढे ‘इंदुप्रकाश’सह आणखी छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या.

ग्रॅहॅमच्या हाताखालून याआधी आणखी एक वेडा माणूस बाहेर पडला होता, त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गणपत कृष्णाजी. मिशनची छपाई पाहून या भंडारी गृहस्थाने स्वतःचे शिळाछाप यंत्र उभे केले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून विकायला काढले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक पुस्तकाला शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. गिऱ्हाइकाची अडचण ओळखण्याची अशी हातोटी आजच्या जाहिरातवाल्यांनाही साधत नाही. ते १८६० मध्ये वारले, म्हणजे जावजींच्या ऐन उमेदवारीत.

आता जावजींचा पहिला निर्णय. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा उद्योग सुरू केला. हे साल नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहराच्या अंगात शेअरचे वारे शिरले होते. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. अशा वर्षी, खिळे घासून वर आलेल्या पंचविशीतल्या माणसाने गाठीचे चार पैसे कशात घातले? खिळे ओतण्याच्या कारखान्यात. छापखान्यात नव्हे, हे लक्षात घ्यावे. छापखाना काढला असता तर गिऱ्हाईक लगेच मिळाले असते; कोर्टाचे कागद, लग्नपत्रिका, जाहिराती, काहीही छापता आले असते. ते त्यांनी पाच वर्षांनी, १८६९ मध्ये केले. आधी अक्षर, मग छपाई. १८६५ च्या जुलैत शेअरबाजार कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. शिशाचा भाव उतरला असेल-नसेल, पण शिसे जागच्या जागी होते.

कारखान्यातले सगळ्यांत अवघड काम जावजींचे नव्हते. ते त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचे होते. पोलादाच्या बोटभर दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा. त्या साच्यात वितळलेला धातू ओतला की खिळा. ओतणे आणि घासणे शिकवून येते. ठसा कापणाऱ्याच्या हाती मात्र अक्षराचे सारे दैव असते. रोमन लिपीला दीड-एकशे खिळ्यांत काम भागते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांची ती अफाट पलटण लागते, शेकड्यांनी. त्यात संस्कृत म्हणजे कळस. ‘कार्त्स्न्य’ हा एक शब्द जुळवून पाहावा म्हणजे जुळाऱ्याचे हाल कळतात. मराठी वर्तमानपत्राला जी जोडाक्षरे वर्षात एकदा लागत नाहीत, ती व्याकरणाच्या ग्रंथात पानापानाला लागतात.

आणि नेमके हेच काम जावजींनी धरले. हा दुसरा निर्णय. ज्याला स्वतःला संस्कृत पांडित्याशी देणेघेणे नव्हते, त्याने संस्कृत ग्रंथांची छपाई हा आपल्या घराचा मुख्य व्यवहार केला. मला याचे एकच कारण पटते. राणोजींच्या ठशांची खरी परीक्षा संस्कृतातच होणार होती. उत्तम घोडा बाळगणाऱ्याला टांगा हाकण्यात सुख नसते.

अर्थात नुसत्या सुखावर धंदा चालत नाही, आणि जावजी भोळे नव्हते. स्वतःचे खिळे ओतणाऱ्या छापखान्याला एक मोठी सोय असते. झिजलेले खिळे वितळवून नवे करता येतात, त्यामुळे पान कोरे करकरीत उठते. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका बारीक अक्षरात, पाठभेद त्याहून बारीक, अशी तिहेरी मांडणी हवी तर बाजारात खिळे शोधत फिरावे लागत नाही. बारीक पण स्पष्ट अक्षरामुळे कागद कमी लागतो, आणि कागद कमी म्हणजे किंमत कमी. शिवाय हेच खिळे दुसऱ्या छापखान्यांना विकता येतात. निर्णयसागरचे खिळे मुंबईबाहेरही जात. म्हणजे छपाईतले जे स्पर्धक, तेच ओतकामातले गिऱ्हाईक. दुसऱ्याच्या भरभराटीने आपले पोट दुखू नये यासाठी यापरती युक्ती नाही.

मजकुराची बाजू त्यांनी जाणत्यांवर सोपवली. काशिनाथ पांडुरंग परब हे त्यांतले मोठे नाव. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली. हस्तलिखितांत अडकून पडलेली काव्ये, नाटके, अलंकारशास्त्रावरचे ग्रंथ तीतून क्रमाक्रमाने बाहेर आले. लहान रचनांचे चौदा गुच्छक झाले ते वेगळेच. परबांचेच ‘सुभाषितरत्नभांडागार’ इथले. पुढच्या काळात वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर आले. निर्णयसागर प्रत म्हटली की पाठाबद्दल निदान बोलणे सुरू करायला हरकत नाही, अशी पत युरोपातल्या पंडितांतही तयार झाली. दुसऱ्या टोकाला, विनायक कोंडदेव ओकांचे १८८१ मध्ये निघालेले मुलांचे मासिक ‘बालबोध’ याच छापखान्यातले. शास्त्र्यांसाठी जी अक्षरे घडली, त्याच घरची अक्षरे मुलांच्या हाती गेली.

एक आक्षेप इथे घेतला जाईल, आणि तो खरा आहे. मालकाला आनंद वाटत होता, पण खणांपुढे दिवसभर उभे राहून खिळे वेचणाऱ्या जुळाऱ्याला कोणता आनंद? शिशाची धूळ त्याच्याच छातीत जात होती. मालक एकेकाळी खिळे घासत होता, याने मजुराचा दिवस लहान होत नाही. मी इतकेच म्हणेन की, कामाचा दर्जा ओळखणारा मालक आणि फक्त हिशेब ओळखणारा मालक यांत कामगाराला फरक पडतो. चांगले केलेले काम पहिल्याच्या नजरेत भरते, दुसऱ्याला ते फक्त उशिरा झालेले दिसते. माझी स्वतःची वीस वर्षे दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या दुकानात गेली, म्हणून हे वाक्य थोडे जोराने लिहिले गेले असेल.

जावजींना वाढायला वाव नव्हता असे नाही. त्यांनी वाढवलेही, पण वाढीची दिशा पाहण्यासारखी आहे. ठसे, खिळे, छपाई, प्रकाशन, पंचांग : सगळे एकाच खुंट्याभोवती. कापूस नाही, जमिनी नाहीत, गिरणी नाही. त्याच शहरात त्याच वर्षांत गिरण्यांची धुराडी उठत होती, आणि पैसा तिकडे जात होता.

५ एप्रिल १८९२ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास, जावजी वारले. पुढे शीर्षकपानांवर तुकाराम जावजी हे नाव येऊ लागले, मग पांडुरंग जावजी. तारखा नसलेल्या फाटक्या प्रतीचा काळ ठरवताना आम्हा जुनी पुस्तके चाळणाऱ्यांना या नावांचा मोठा आधार होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीला ऑफसेट आणि संगणक आले, आणि गावोगावच्या छापखान्यांतले खिळे किलोवर भंगारात गेले. अक्षरांची वळणे मात्र टिकली; देवनागरीचे नवे टाइप आखणारे अजून निर्णयसागरची पाने समोर ठेवतात.

त्या शीर्षकपानांवर ग्रंथकाराचे नाव असते, टीकाकाराचे असते, संपादकाचे आणि मालकाचे असते. गाव, सन आणि किंमतही असते. अक्षर कोणी कापले, ते छापायची पद्धत नव्हती. राणोजींचे नाव तिथे नाही.